इंग्रजीतलं कौतुक

आमच्या मुलाला, सौमित्रला, कंपनीने अमेरिकेला पाठवलं आणि त्याचा कुत्रा ब्रूनो आमच्या गळ्यात पडला. ब्रूनोला फक्त इंग्रजी कळायचं. मराठीत हाक मारली की तो भिंतीकडे बघायचा. आमचे हे, श्रीनिवासराव, वाक्यागणिक टोमणा मारणारे निवृत्त हेडक्लार्क. जन्मभर इंग्रजी बोलायला घाबरले, पण कुत्र्यासाठी शिकले! शिकले काय, तर ‘कम’, ‘सिट’, ‘गुड बॉय’, ‘व्हेरी गुड’. इंग्रजीत टोमणे येतच नव्हते, त्यामुळे त्या भाषेत माणूस म्हणजे नुसतं लोणी! ब्रूनोचे लाड आटोपले की माझ्याकडे वळून मराठीत म्हणायचे, “आज मिठाला सुट्टी दिलीत वाटतं?” मला हसू यायचं आणि संतापही.

परवा कटाची आमटी केली. ह्यांनी पुन्हापुन्हा मागून घेतली.

“कशी झालीय?” मी विचारलं.

“खाण्यासारखी आहे.”

“अहो, हेच जरा इंग्रजीत सांगा.”

हे चक्क लाजले. ताटात बघत पुटपुटले, “व्हेरी गुड.”

ब्रूनो शेपूट हलवत धावत आला.

“ए, हो बाजूला!” मी त्याला ढकललं. “आजचं माझं आहे!”