विलायतेतला बुधवार

फाइल हैदराबादहून परत आली. तिच्यावर लाल शाईने उर्दूत एकच ओळ होती : "उम्मीदवार खाना नहीं खाता क्या?"

मी तेव्हा निजामाच्या राज्यात, हिंगोलीला वकिली करत होतो. जवळच्या गोरेगावचा रघुनाथ, बापाविना वाढलेला, हैदराबादला बी.एस्सी. झाला होता आणि शेतीशास्त्र शिकायला विलायतेला निघाला होता. त्याच्या सरकारी वजिफ्याचा, म्हणजे शिष्यवृत्तीचा, अर्ज मी लिहिला होता. त्याला तखमीना जोडावा लागतो. तखमीना म्हणजे खर्चाचा अंदाज. मी तो मोठ्या झोकात केला होता. फी, बोटीचं तिकीट, खोलीभाडं, शेगडीचा कोळसा, लोकरी कपडे, अगदी दाढीची पातीसुद्धा. जेवण मात्र राहिलं. त्याच्या जुन्या हेडमास्तरांनी तपासलं, त्यांना दिसलं नाही. रघुनाथने सही केली, त्यालाही नाही.

रघुनाथ दहाव्या वर्षी हिंगोलीच्या शाळेत आला, तेव्हापासून वार लावून जेवला. सात घरं, आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी. रविवार आमचा. हैदराबादेतही त्याने तशीच घरं जोडली. विद्यार्थ्याच्या जेवणाला पैसे पडतात, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

मी हैदराबाद गाठलं. वजिफ्याच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "वजीफा फी देगा, टिकट देगा, किराया देगा. खाना घरवाले दें. तीन साल की ज़मानत लाइए, पंद्रह दिन में."

"और न हुआ तो?"

"तो जगह दूसरे को."

परत येऊन रघुनाथला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "राहू द्या, वकीलसाहेब. आईजवळ काय हाय? मी मास्तरकी धरतो." रडला असता तर बरं वाटलं असतं. माझ्या हलगर्जीपणाने एका हुशार मुलाचं आयुष्य बदलणार होतं. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

जेवताना हे बायकोला सांगितलं. ती वाढता वाढता म्हणाली, "रविवार आपला हाय ना? मग तिथला रविवारही आपलाच."

हे मला सुचायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी जमानतनामा, म्हणजे हमीचा कागद, लिहिला. प्रत्येक घराने आठवड्यातल्या आपल्या वाराच्या जेवणाचा खर्च तीन वर्षं द्यायचा. पाच घरांनी फार न विचारता सह्या केल्या. राहिला बुधवार, राधाकाकूंचा. काकू विधवा, एकट्या. लग्नामुंजीत स्वयंपाकाला जात, एरवी पापड लाटून देत. मी त्यांच्याकडे गेलोच नाही. बुधवार परस्पर माझ्या नावावर घातला आणि आपण मोठं समजूतदारपणाचं काम केलं, असं मानून बसलो.

तिसऱ्या दिवशी काकू थेट ऑफिसात. समोर पक्षकार बसलेले.

"वकीलसाहेब, माझा बुधवार कोणी घेतला?"

"काकू, तिथलं एका दिवसाचं जेवण म्हणजे इथला आठवडा. तुम्हाला तकलीफ नको, म्हणून…"

"सात वर्षं लेकरू माझ्याकडं जेवलं. तवा कोणी विचारलं न्हाई, काकू तुमाला तकलीफ होऊन राहिली का म्हणून. आताच काहून?"

शेवटी तडजोड झाली. महिन्याचा पहिला बुधवार काकूंचा, बाकीचे माझे. काकूंनी अंगठा उठवला. पदराने शाई पुसू नका म्हटलं, तरी पुसलीच.

हैदराबादला साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "पहला बुध?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. मंजुरीचा शिक्का त्यांनी स्वतःच्या हाताने मारला.

रघुनाथ गेला. दीड वर्षाने त्याचं पत्र आलं : बुधवारी मी खोलीवरच भात शिजवतो, खर्च फारसा येत नाही, काकूंकडून आता काही घेऊ नका. मी ते काकूंना वाचून दाखवलं.

काकूंनी विचारलं, "तांदूळ विकतचे ना?"

"हो."

"मग तेवढे माझे. लिहा त्याला."

मी लिहिलं. पुढे विलायतेला जाणाऱ्या आणखी काही मुलांचे तखमीने माझ्या हातून झाले. जेवणाचा रकाना मी सगळ्यात आधी भरतो. तो खर्च कोणाला झेपेल, हे मात्र आता मी ठरवत नाही.