दोन डेटाबेस आणि एकेचाळीस नंबरचं घर

कल्पिताला गाव दोन गोष्टींसाठी ओळखत होतं. एक, ती गावकीचे अध्यक्ष अंबाजी यांची मुलगी. दोन, ती घरात बसून, पंखा लावून, कानाला हेडफोन अडकवून पगार मिळवते. यातली दुसरी गोष्ट गावाला अजून नीटशी पटलेली नव्हती. नवी मुंबईच्या कंपनीत नोकरी आणि माणूस श्रीवर्धनच्या अलीकडच्या खेड्यात ओटीवर बसलेलं, यात काहीतरी लबाडी असणार, असं बऱ्याच जणांचं मत होतं. त्यामुळे गावाचं काहीतरी काम फुकटात करून दिलं तर हे मत बदलेल, असं तिच्या मनाने घेतलं. वय पंचवीस असलं की माणसाला असं वाटतं.

काम साधं दिसत होतं. बासष्ट घरांचं गाव, आणि दर दुसऱ्या घरातलं कोणी ना कोणी मुंबईला. म्हणून मंडळंही दोन, ग्रामीण आणि मुंबई. ग्रामीण मंडळाच्या डेटाबेसात घरं होती: घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, शिमग्याला पालखी कितव्या क्रमाने दारी येते ते. मुंबई मंडळाच्या डेटाबेसात माणसं होती: नाव, मोबाइल, रक्तगट, गावचा घर क्रमांक. गावाला घर ठाऊक पण फोन नंबर नाही, मुंबईला फोन नंबर ठाऊक पण घरात कोण उरलंय ते नाही. यंदा शिमग्याचं बोलावणं सगळ्यांना मोबाइलवर जावं, आणि त्यासाठी एकच प्रोग्राम दोन्हीकडून माहिती उचलेल, असं ठरलं. प्रोग्राम जावा या संगणकाच्या भाषेत लिहायचा आणि लिहायचा कल्पिताने.

जावातलं जग वस्तूंचं असतं आणि डेटाबेसातलं तक्त्यांचं. दोघांची बोली वेगळी, म्हणून मध्ये एक दुभाष्या ठेवावा लागतो. त्याला सांगायचं, बाबा रे, माझी ही ‘घर’ नावाची वस्तू म्हणजे तिकडचा तो तक्ता, आणि वस्तूचा हा गुण म्हणजे तक्त्यातला तो रकाना. एवढं सांगितलं की पुढची ने-आण तो मुकाट करतो. मात्र जो रकाना त्याला सांगितला नाही, तो त्याच्या लेखी नाहीच. डेटाबेस दोन असले तर दुभाषेही दोन लागतात, प्रत्येकाची जोडणी वेगळी, आणि कुठल्या वस्तू कोणाच्या ताब्यात तेही वेगळं बजावावं लागतं. शिवाय दोघांतला एक मुख्य म्हणून नेमावा लागतो. नाव न घेता काम सांगितलं तर ते कोणी करायचं, हा प्रश्न उरू नये म्हणून.

इथे कल्पिताने भोळेपणा केला. दोन्ही मंडळांच्या एकत्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिने विचारलं, ‘मुख्य कुठला ठेवू, गावचा की मुंबईचा?’

पुढचे नऊ दिवस कोणी दुसऱ्या विषयावर बोललं नाही. देव गावात आहे, असं गावाने लिहिलं. देवळाचा कळस कोणी आणला, असं मुंबईने लिहिलं. दोघांनी ग्रुप सोडला, त्यांना परत घेतलं, त्यांनी परत सोडला. शेवटी कल्पिताने कोणाला न सांगता गावचा डेटाबेस मुख्य केला आणि दोन्ही मंडळांच्या चिटणिसांना वेगवेगळे फोन करून ‘तुमचाच ठेवलाय’ म्हणून सांगितलं.

गावचे चिटणीस बाबाजी यांनी तिला आठ रकान्यांची यादी कागदावर लिहून दिली होती. तेवढे आठ तिने दुभाष्याला शिकवले. एका दुपारी प्रोग्राम सुरू झाला. डावीकडे गावची बासष्ट घरं, उजवीकडे मुंबईचे दोनशे सात सभासद, घर क्रमांकावरून एकमेकांना जोडलेले. ती खूश होऊन चहा करायला उठणार, तेवढ्यात तिला वाटलं, एक नवीन घर घालून बघू. त्रेसष्ट नंबर, नाव काहीतरी. बटण दाबलं.

लाल अक्षरं आली. ‘बोलावणं’ या रकान्यात काही भरलेलं नाही, म्हणून नोंद घेता येत नाही.

बोलावणं? बाबाजींच्या कागदावर असा रकाना नव्हता. तिने दुभाष्याला बाजूला सारलं आणि मूळ तक्ताच उघडला. होता रकाना. अगदी उजवीकडे, शेवटून दुसरा. त्यात नुसते एक. एक, एक, एक. ती खाली सरकत गेली. एकेचाळीस नंबरच्या घरापुढे शून्य.

एकेचाळीस नंबर म्हणजे ठमी आत्या. अंबाजींची सख्खी धाकटी बहीण, गावातच दिलेली. नवरा गेल्यावर एकटी राहते, मुलगा निकेत मुंबईला.

लहानपणापासून तिला सांगितलं होतं की आत्या ताठ आहे, कोणाकडे येत-जात नाही. पालखी चाळीस नंबरच्या अंगणातून निघाली की ढोल थांबायचे, माणसं भराभर चालायची आणि ढोल पुन्हा सुरू व्हायचे ते बेचाळीस नंबरला. आत्याला ढोलाचा त्रास होतो, असं आईने सांगितलं होतं. कल्पिताला ते खरं वाटलं होतं. इतकं, की एकदा तिने डोकेदुखीच्या गोळ्या आत्याच्या कुंपणावर नेऊन ठेवल्या होत्या.

मग तिची नजर सगळ्यात शेवटच्या रकान्यावर गेली. ‘नोंद करणार’. बासष्टच्या बासष्ट ओळींत एकच नाव होतं.

कल्पिता.

तारीख अकरा वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली.

हळूहळू तिला आठवलं. मुंबई मंडळाने गावाला कॉम्प्युटर दिला होता, आणि मराठी टाइप करता येणारं गावात एकच माणूस होतं, आठवीतून नववीत गेलेली ती. समाजमंदिरात बाबा, म्हणजे अंबाजी, वही घेऊन सांगत होते आणि ती फणसाच्या भाजलेल्या आठळ्या खात खात बटणं दाबत होती. “बोलावणं, व्हय. फुडं, व्हय. व्हय.” आणि मग एका ठिकाणी, “न्हाय.” तिने मान वर करून विचारलं होतं, “का?” बाबा म्हणाले होते, “ती येत न्हाय.” तिने शून्य दाबून पुढची आठळी सोलली होती. नंतर कोणीतरी ते सगळं जसंच्या तसं डेटाबेसात ओतलं, रकान्यांसकट आणि तिच्या नावासकट.

अंबाजी अंगणात वाळत घातलेली सुपारी वरखाली करत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, एकेचाळीस नंबरच्या घराला शून्य का आहे?”

“कंचा शून्य?”

“माझ्याकडून टाकून घेतलात तो.”

अंबाजींचा हात थांबला नाही. “ती कोरटात गेली. दिरानं सुपारीची वाडी दाबली म्हनून. गावकी बसली असती ना? गावकीला इचारलं न्हाय तिनं.”

“मग?”

“मग काय? ठराव झाला. तू तवा बारकी व्हतीस. तिच्याशी कोनी बोलायचं न्हाय, तिला बोलवायचं न्हाय.”

“आणि तुम्ही सही केलीत? सख्खी बहीण आहे.”

“म्हनून तर पयली सही माझी घेतली,” अंबाजी म्हणाले. सुपारीतलं एक फळ उचलून त्यांनी उगाचच पुसलं. “आता त्यातलं काय राह्यलं न्हाय. वाळीत टाकायला बंदीचा कायदा आला. कोन कुनाला काय म्हनत न्हाय आता.”

म्हणायची गरजच नव्हती. बाबाजी दरसाल यादी छापायचे, यादी एक बघून बोलावणं करायची आणि शून्य बघून पुढे जायची. वाळीत टाकणारी माणसं म्हातारी झाली, दोन-चार वारली, पण तो रकाना तब्येतीने ठणठणीत होता. आणि त्याच्याशेजारी सही होती ती तिची.

आत येऊन तिने कर्सर त्या शून्यावर नेला. एक दाबलं असतं तर संपलं असतं. पण मग बाबाजी म्हणाले असते, मशीन चुकलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा शून्य झालं असतं. तिने हात मागे घेतला. मग ‘घर’ नावाच्या वस्तूत नववा गुण लिहिला, बोलावणं, आणि दुभाष्याला सांगितलं की हाही रकाना आणत जा. पडद्यावर आठ होते तिथे नऊ रकाने दिसू लागले. बाकी काही तिने केलं नाही.

रविवारी सकाळी समाजमंदिरात सभा भरली. भिंतीवर पांढरं धोतर ताणून त्यावर प्रोजेक्टर लावला होता, आणि लॅपटॉपातून मुंबई मंडळाची तीस-पस्तीस माणसं बघत होती. बायका दाराशी होत्या. कल्पिताने यादी उघडली. टाळ्या पडल्या. बाबाजींनी मुख्य डेटाबेस गावचा असल्याचं जाहीर केलं, मुंबईचा चिटणीस कुलदीप ‘नाही, आमचा’ म्हणाला, आणि कल्पिताने घाईघाईने यादी खाली सरकवली.

“एक मिनिट,” कुलदीपचा आवाज आला. हा तिशीचा पोरगा, जन्मापासून मुंबईचा. “एकेचाळीसला बोलावणं शून्य का दाखवतंय? प्रोग्रामात बग आहे का गं?”

“व्हय व्हय,” बाबाजी पटकन म्हणाले. “बग हाय तो. फुडं चल, पोरी.”

“बग नाही,” कल्पिता म्हणाली. “ते मी भरलंय. अकरा वर्षांपूर्वी. मूळ तक्त्यात शेजारी माझं नाव आहे.”

“पण का?” कुलदीप म्हणाला. “ते निकेतचं घर ना? निकेत तर आमच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन आहे. त्याची आई गावात असते ना? तिला बोलावत नाही?”

गावाकडच्या माणसांनी एकदम छताकडे बघायला सुरुवात केली. छतात काही नव्हतं.

“हा इषय आजचा न्हाय,” बाबाजी म्हणाले. “गावचा इषय हाय तो. गावात बघू.”

“काका, मीटिंगचं रेकॉर्डिंग चालू आहे,” कुलदीप म्हणाला. तो साधेपणाने सांगत होता, पण बाबाजी तोंड उघडं ठेवूनच खाली बसले. “नक्की कोणी सांगितलं होतं तुला, कल्पिता?”

कल्पिताने पडद्यावरची नजर हलवली नाही. मागे वळली असती तर तिला बाबा दिसले असते.

“म्या,” अंबाजी म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते. काय करायचं ते न कळून त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. “ज्याला ते शून्य ऱ्हावं वाटतंय, त्यानं उठून मोठ्यांदी म्हनावं. नाव सांगून. म्हंजे त्या मशिनीत ऱ्हाईल.” कोणी उठलं नाही. ज्यांनी इतकी वर्षं ते पाळलं होतं त्यांच्यापैकी एकालाही ते तोंडाने उच्चारता येईना. “मग कर येक,” अंबाजी म्हणाले, आणि चपला विसरून बाहेर गेले.

तिने एक केलं. गावच्या डेटाबेसातलं घर मुंबईच्या डेटाबेसातल्या निकेतशी जोडलेलं होतंच, कारण मुंबईच्या तक्त्यात असला रकाना कोणी कधी घातलाच नव्हता. बोलावणं गेलं. दोन मिनिटांत निकेतचं उत्तर आलं: ‘हा मेसेज चुकून आला का?’

दुपारी कल्पिता आत्याच्या अंगणात गेली. कुंपणाच्या आत ती जन्मात पहिल्यांदा पाऊल टाकत होती. ठमी आत्या पायरीवर बसली होती, हातात मोबाइल तसाच.

“निकेतचा फोन आलेला,” ती म्हणाली. “म्हनतो, आये, गावचं बोलावणं आलंय, कुनाचा तरी मोबाइल चोरीला गेला वाटतं.”

कल्पिताला हसू आलं आणि रडूही. मग तिने सगळं सांगितलं. शून्य, आठळ्या, स्वतःचं नाव. आत्याने मोबाइल पायरीवर ठेवला.

“तुझ्या हातनं?” ती म्हणाली. “माझ्या भावानं तुझ्या हातनं लिवून घेतलं?” इतकी वर्षं काय काय सोसलेल्या बाईला एवढी एकच गोष्ट नवीन होती आणि तीच जड गेली. मग तिने विचारलं, “पालखी येनार माझ्या दारी?”

“येणार.”

“ढोल वाजवत?”

“वाजवत.”

“आनि तुझा बाप?”

याला कल्पिताकडे रकाना नव्हता. “माहीत नाही,” ती म्हणाली.

आत्याने पदर सारखा केला. “बोलावलंत, बरं केलंत. पन यायचं का न्हाय, पालखी घ्यायची का न्हाय, ते म्या ठरवीन. सांग त्यांना, कळवते म्हनावं.”

कल्पिताच्या प्रोग्रामात उत्तराला दोनच जागा होत्या, हो आणि नाही. घरी जाऊन तिने तिसरी केली. शिमगा चार दिवसांवर आला तरी एकेचाळीस नंबरपुढे ‘कळवते’ एवढंच दिसत होतं, आणि अंबाजी रोज सकाळी चहाचा कप घेऊन लॅपटॉपच्या मागे येऊन उभे राहायचे.

“आलं का गो काय?”

“नाही, बाबा.”

“ऱ्हाऊ दे. बघंल ती,” असं म्हणून ते अंगणात जायचे, आणि चहा निवायच्या आत परत यायचे.