पाण्यात उभी घोडी

निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यातली ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

वरातीला घोडी पुरवणाऱ्या एका मालकाने आमच्या ठाण्यात फिर्याद दिली होती. त्याची पांढरी घोडी चोरीला गेली होती आणि तिला सांभाळणारा म्हातारा नोकरही गायब होता. ठाणे अंमलदाराने गुन्हा नोंदवला, तपास माझ्याकडे आला. दोन दिवस तबेले, बाजार, नाके पालथे घातले. हाती काही लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी झेंडू विकायला शहरात येणारी एक बाई ठाण्यात आली. म्हणाली, "साहेब, एकलहऱ्याच्या अंगाला नदीत एक पांढरी घोडी रोज सकाळी उभी ऱ्हाते. पाणी पीत नाय, हालत नाय. संगं एक म्हातारा हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही गेलो. गोदावरीवर दाट धुकं होतं. वीजकेंद्राची धुरांडी बुडाशी विरघळून गेली होती, नुसते शेंडे वर तरंगत होते. काठ कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. त्या पांढऱ्यात आणखी एक पांढरा आकार हळूहळू दिसू लागला. गुडघाभर पाण्यात घोडी उभी होती, डोळे अर्धे मिटलेले. तिच्या मानेवर हात ठेवून म्हातारा काहीतरी पुटपुटत होता. माझ्या हवालदाराचाही आवाज आपोआप खाली आला.

आम्हाला पाहून म्हातारा पळाला नाही. "पाच मिनिटं थांबा साहेब," एवढंच म्हणाला. मीही थांबलो. का, ते आजही सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर घोडी लंगडत होती. पुढचा उजवा पाय टेकला की तिची मान खाली जाई. मी म्हणालो, "उजवा पाय दुखतोय वाटतं."

"उलटं आहे साहेब. दुखरा पाय टेकला की मान वर जाते. चांगल्या पायावर ती भार सोडते. हात लावून बघा."

मी आधी उजव्या, मग डाव्या पायाला खुराच्या वरच्या सांध्यापाशी तळहात लावला. एवढ्या गार पाण्यातून येऊनही डावा सांधा ऊन होता, सुजलेला होता.

पंचनामा केला. घोडीला चालवत नेणं बरं नव्हतं, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना तिथेच बोलावलं आणि चौकशीही नदीकाठी, एका बाभळीखाली सुरू केली. घोडी का नेली, या प्रश्नावर म्हातारा गप्प. मी आवाज चढवला, तरी तो घोडीच्या पायाकडेच बघत राहिला. असला माणूस घाबरलेला नसतो, स्वतःवरच चिडलेला असतो. मी विचारायचं थांबवलं. मग तोच बोलला.

"वरातीत पाय मुरगळला तिचा. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन टोचून पुन्हा नाचवली. दुखणं कळेना, म्हणून बिचारी त्याच पायावर उड्या मारत राहिली. अन् साहेब, दोरी माझ्या हातात होती."

डॉक्टरांनी पाय तपासला. लिगामेंट ताणलं गेलं होतं, हाड मोडलंय की नाही ते एक्स-रेनंतरच कळणार होतं. "सुरुवातीला गार पाणी आणि विश्रांती. चोळायचं नाही, शेकायचं नाही. चाचांनी बरोबर तेच केलंय," ते म्हणाले.

तेवढ्यात मालक ट्रक घेऊन आला. "साहेब, ताबा द्या. संध्याकाळी वरात आहे."

"ती लंगडतेय."

"एक इंजेक्शन दिलं की उभी राहते. मागच्या खेपेलाही तेच केलं होतं."

डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मालकाला आपण काय बोललो ते उशिरा उमगलं. त्याचा जबाब मी तिथेच नोंदवून घेतला.

ट्रक रिकामा परत गेला. प्राण्यांना क्रूरतेने वागवल्याचा गुन्हा मालकावर दाखल झाला. कोर्टाच्या आदेशाने घोडी पांजरपोळात गेली. हाड शाबूत निघालं. म्हाताऱ्याचा हेतू चोरीचा नव्हता, असा अहवाल आम्ही पाठवला आणि कोर्टाने तो मान्य केला. म्हातारा पांजरपोळातच राहिला. पट्टी बदलायची, ती आवळली तर जात नाही ना ते बोट घालून बघायचं, नंतर सपाट जमिनीवर रोज थोडं चालवायचं. तीन महिने हेच चाललं.

मी एकदा मुद्दाम गेलो. डॉक्टर घोडीची चाल बघत होते. मान सरळ होती. "चालेल, फिरेल," ते म्हणाले, "पण चाचा, आता हिला नाचता येणार नाही."

म्हातारा हसला. "नाचायचंच नाही ना? मग बरी झाली म्हणायची."

नोकरीभर मी जे बोलत नाहीत त्यांना बोलतं करत आलो. काही दुखणी न बोलताच समोर उभी असतात, जवळ जाऊन हात लावावा लागतो, हे मला त्या घोडीने शिकवलं. फार उशिरा शिकलो.