न वाचता मारलेला शिक्का

त्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांची आठवण आली की अजून माझी मान खाली जाते. जपानमध्ये त्सुकुबातल्या आमच्या इमारतीत ते अगदी पलीकडच्या दारात राहायचे. रशियातून आलेले एक ज्यू शास्त्रज्ञ. त्यांचं नाव दारावर होतं, पण मी तेही कधी वाचलं नाही.

आमच्याकडे रहिवासी संघाची फाइल घरोघर फिरते. वाचायची, सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पुढच्या दारात द्यायची. माझं जपानी कच्चं, त्यामुळे मी नुसताच शिक्का मारायचो. ते मात्र दारातच उभं राहून, ओळीखाली बोट फिरवत सगळं वाचायचे.

एकदा बोट मध्येच थांबलं. "रिकामी घरं परदेशी लोकांना देऊ नयेत, असा अर्ज आहे. खाली तुमचा शिक्का आहे."

मी वाकून पाहिलं, शिक्का माझाच होता. मी स्वतःच परदेशी!

ते रागावले नाहीत. म्हणाले, "सोव्हिएत सरकार आम्हा ज्यूंना देश सोडू देत नव्हतं, तेव्हा अमेरिकेतल्या एका विधिमंडळाने निषेधाचा ठराव केला. त्यातलं कुणी मला ओळखत नव्हतं. त्याच आठवड्यात मला नोकरीवरून काढावं, असा अर्ज आमच्या संस्थेत फिरला. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने त्यावर सही केली."

"मित्राने?"

"हो. पुढे म्हणाला, मी वाचलंच नव्हतं."

शिक्का न मारताच ते फाइल घेऊन पुढच्या दाराकडे निघाले. मी उघडलेलं तोंड मिटलं. मीही तेच सांगणार होतो.