मच्छिंद्रच्या शेडमधली हजेरी

मच्छिंद्रच्या शेडवर पाटी होती: ‘फोटो पाठवू नये. दिव्याचा रंग तोंडी सांगावा.’ पुण्यात पाट्यांचं कुणाला नवल नाही, पण ही पाटी पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गेली. मी चित्रकलेची शिक्षिका. बिबवेवाडीच्या शाळेत बावीस वर्षं मुलांच्या कानीकपाळी ओरडत आले की आधी बघा, मग बोला. आणि हा माणूस म्हणत होता की तुम्ही बोला, मी बघणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या गाडीच्या मीटरमध्ये एक दिवा लागून बसला, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून मी त्याच्याकडे धायरीला गेले. तो माझ्याच वयाचा, चाळिशीकडे झुकलेला. शर्टाच्या खिशात टेस्टर, कपाळाला अबीर. तो गाडीत डोकावलासुद्धा नाही. उंबऱ्यावर उभं राहून म्हणाला, “बाई, रंग कोणता?”

“केशरी,” मी म्हटलं. “म्हणजे अगदी केशरी नाही, शेंदरीकडे झुकणारा.”

“बाई, माझ्याकडं दोनच रंग चालत्यात. लाल का पिवळा?”

मी चिडून म्हटलं, “पिवळा. आणि तुम्हाला डोळे आहेत ना?”

तो हसला आणि कामाला लागला. त्याला डोळे होते, पण लाल आणि पिवळा त्याला सारखेच दिसायचे. दोन्ही उसाच्या वाळल्या पाचटासारखे. हे मला अकरा वर्षांनी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गाडीच्या दिव्यांचा माणूस आणि त्याला लाल-पिवळ्यातला फरक कळत नाही, हे बाहेर फुटलं असतं तर त्याच्या दारात एक गाडी उभी राहिली नसती. लाल म्हणजे जागेवर थांबा, पिवळा म्हणजे सवडीने बघा. सगळा धंदा या एका फरकावर उभा. तीस वर्षं त्याने ते लपवलं, अलीकडे या पाटीआड, आणि आम्ही त्याला खडूस म्हणत राहिलो.

हे असलं तरी कामात तो पक्का होता. त्याची रीत अशी. गाडी आत घ्यायची, दाराची ताडपत्री खाली सोडायची. भर दुपारी आत काळोख. मालकाने पुढे बसायचं, मच्छिंद्रने शेजारी. किल्ली फिरवायची, पण इंजिन चालू करायचं नाही. मग मीटरमधले सगळे दिवे एकदम उजळायचे. मच्छिंद्र याला ‘हजेरी’ म्हणायचा. मालकाने डावीकडून एकेकाचा रंग सांगायचा आणि मच्छिंद्र हळू आवाजात नाव पुकारायचा. चिन्हांना त्याने आपली नावं दिली होती. तेलाचा दिवा म्हणजे किटली. बॅटरी म्हणजे डबा. इंजिनाचं चिन्ह त्याला विहिरीवरच्या मोटरसारखं दिसायचं, म्हणून ते मोटर. टायरमधल्या हवेचं चिन्ह म्हणजे फुटकं मडकं.

“बाई, लागलेल्या दिव्याला काय भ्यायचं? त्यो बोलतोय तरी,” तो म्हणायचा. “किल्ली फिरवल्यावर जो लागतच न्हाई, त्याला भ्या. त्यो मुका झालाय. उद्या तेल संपलं तरी सांगायचा न्हाई.”

खरंच एकदा एका जुन्या गाडीत त्याने असं पकडलं होतं. विकणाऱ्याने मोटरचा दिवाच काढून ठेवला होता. घेणारा खूश, की मीटर कसं स्वच्छ आहे. मच्छिंद्रने हजेरी घेतली आणि म्हणाला, “एक पोरगं गैरहजर हाय.”

मला त्या काळोखाची चटकच लागली. शाळा सुटल्यावर गाडीला काही झालेलं नसताना मी धायरीला जायचे. बाहेर सिंहगड रोडचा गोंगाट, समोर नव्या इमारतीचं काँक्रीट पडत असलेलं, आणि आत ताडपत्रीच्या भोकांतून आलेले उन्हाचे दोन-चार ठिपके आणि ते इवलेसे दिवे. काही दिवे दोन-तीन सेकंदांत आपण होऊन विझायचे. किटली, डबा आणि मोटर तेवढे थांबून राहायचे, इंजिन चालू होईपर्यंत. तेवढ्या वेळात मला आपण कुठे आहोत याचा विसर पडायचा. लहानपणी तापात पडल्या पडल्या देव्हाऱ्यातल्या समईकडे बघत राहायचे, तसं वाटायचं. मच्छिंद्रही गप्प असायचा. त्या शेडमध्ये मी जितकी शांत बसलेय तितकी माझ्या घरात कधी बसले नाही, आणि हे माझ्या घरच्यांना सांगायला माझी हरकत नाही.

शेड होती तिथे पूर्वी त्यांच्या विहिरीची मोटरखोली होती. विहीर बुजली, शेत इमारतींखाली गेलं, ही अर्धा गुंठा जागा राहिली. मच्छिंद्रची आई, सरुबाई, अजून शेडच्या दाराशी लसूण सोलत बसते. तिनेच मला मोटरखोलीची गोष्ट सांगितली. स्टार्टरच्या पेटीवर तीन दिवे असायचे, लाल, पिवळा, निळा. तिन्ही लागले म्हणजे वीज पुरी आली. एक जरी कमी असला आणि मोटर चालू केली, तर ती जळायची. सहा-सात वर्षांच्या मच्छिंद्रला ती बघायला पाठवायची.

“म्या इचारायची, कोणता न्हाई रं? त्ये नुस्तं रडायचं,” सरुबाई म्हणाली. “मग म्या म्हन्लं, रंग नगं सांगू. किती लागल्यात त्ये सांग.”

तेव्हा मला वाटलं, लहान पोराला रंगांची नावं येत नसतील. इतकी वर्षं मुलांना रंग शिकवूनही माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

गेल्या मे महिन्यात मी अशीच दुपारी शेडमध्ये बसले होते. मच्छिंद्रचा फोन वाजला. बिबवेवाडीचे रंगनाथअण्णा हे त्याचं जुनं गिऱ्हाईक; त्यांची मुलगी दीपमाला, मांजरी गावात दिलेली. ती एकटी गाडी घेऊन तपासणीला निघाली होती, सातवा महिना. रस्त्यात किटली लागली. मच्छिंद्र “रंग कोणता?” म्हणेपर्यंत फोन कटला. परत लागेना. मग तिचा फोटो आला आणि खाली एक ओळ: ‘थांबू की जाऊ?’

मच्छिंद्र त्या फोटोकडे बघत राहिला. फोटो हातात असताना पुन्हा रंग विचारणं म्हणजे गुपित फोडणं. तिच्या गाडीत किटली दोन रंगांची. पिवळी असेल तर तेल जरा कमी आहे, सावकाश जाऊन टाका. लाल असेल तर तेलाचा दाब गेला, आणखी थोडं चालवलं तरी इंजिन बसलं. त्याने फोन माझ्यापुढे धरला. मी चष्मा शोधायला पर्समध्ये हात घातला, तर त्याने फोन मागे घेतला. मला वाटलं, विचार बदलला असेल. त्याने बोलून निरोप पाठवला, “गाडी बंद करा. हलवू नका. टोचन मागवा, गाडी ओढून न्यायला.”

दीपमालाने ऐकलं. दोन्हीकडे ऊस, रस्त्याला एक झाड नाही. टोचनवाला यायला तीन तास लागले. त्या उन्हात ती बंद गाडीला टेकून बसून राहिली. शेवटी त्याने गाडी ज्या गॅरेजात नेली, तिथल्या माणसाने लिटरभर तेल ओतलं आणि विचारलं, “पिवळ्या दिव्याला कोण थांबतं, मॅडम?”

शनिवारी सकाळी रंगनाथअण्णा शेडवर आले. सडसडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज कधी चढत नाही आणि चढावा लागतही नाही. मी होते, गाड्या घेऊन आलेले आणखी दोघं होते.

“मच्छिंद्रराव,” अण्णा म्हणाले, “आपल्याला तीस वर्षांचा अनुभव, त्यामुळे चुकलात असं म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. मग मुद्दाम पिवळ्याचा लाल केलात? टोचनवाला आपला कोण लागतो?”

मला कळत होतं की मच्छिंद्रला सुटायला जागा आहे. फोटोत रंग नीट आला नव्हता, एवढं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मीसुद्धा मनात तेच म्हणत होते, बोल, फोटोवर ढकल. त्याने खिशातला टेस्टर काढला, परत ठेवला. दाराशी लसूण सोलणारी सरुबाई थांबली होती.

“अण्णा, लबाड न्हाई मी,” तो म्हणाला. “मला लाल-पिवळं कळत न्हाई. जल्मापासनं. फोटोत किटली दिसली, रंग दिसला न्हाई. बाईंना इचारणार हुतो. लाज वाटली.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला, घातला आणि निघून गेले. उरलेल्या दोघांपैकी एकाला अचानक काम आठवलं. दुसऱ्याने कारण सांगायचीही तसदी घेतली नाही. मला इतका राग आला की मी त्याच्या गाडीमागे रस्त्यापर्यंत गेले. पण खरं तर राग माझा मलाच आला होता. अकरा वर्षं शेजारी बसून मी त्याला रंग सांगितले आणि एकदाही मला कळलं नाही.

बातमी धायरीभर झाली. तीन आठवडे शेडमध्ये गाडी आली ती फक्त माझी. मच्छिंद्र ताडपत्रीची घडी घालून बसायचा. समोरच्या इमारतीत वॉचमन हवा होता. विहीर जिथे होती, नेमक्या तिथल्या फाटकावर. तो म्हणाला, “एक तारखेपासनं जातो, बाई. तिथं रंग लागत न्हाईत.” मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

तीस तारखेला दुपारी अण्णांची गाडी शेडसमोर उभी राहिली. मच्छिंद्र उठला, पण पुढे झाला नाही.

“काय झालंय गाडीला, अण्णा?”

“काही नाही. हजेरी घ्यायचीय.”

“माझ्याकडनं?”

“इथे दुसरं कोण आहे?” अण्णा गाडीतून न उतरता म्हणाले. “मागल्या वर्षी एका धडधाकट डोळ्यांच्या शहाण्याने लाल किटली बघून मला सांगितलं होतं, जा बिनधास्त. कात्रजच्या चढावर इंजिन बसलं. तुम्हाला दिसलं नाही, तर तुम्ही थांबा म्हणालात. मुलगी उन्हात तापली, ते मी विसरणार नाही. पण ती आणि तिचं पोट धड आहे, गाडीही धड आहे. ताडपत्री सोडा.”

मी मागच्या सीटवर बसले. ताडपत्री खाली आली. काळोखात उन्हाचे तेच ठिपके. अण्णांनी किल्ली फिरवली आणि सगळे दिवे लागले.

“लाल,” अण्णा म्हणाले.

“किटली,” मच्छिंद्र म्हणाला.

“लाल.”

“डबा.”

“पिवळा.”

“मोटर.”

सगळी हजेरी झाली. काही दिवे विझले; किटली, डबा आणि मोटर थांबून राहिले. कुणाला इंजिन चालू करायची घाई नव्हती. मग मच्छिंद्र म्हणाला, “अण्णा, एक इचारू? लाल म्हंजी कसा असतो?”

मी तोंड उघडलं. बावीस वर्षं मी लाल रंग शिकवला आहे. जास्वंद, कुंकू, टोमॅटो, सगळं ओठांवर आलं आणि मागे गेलं, कारण ते सगळं त्याला पाचटासारखंच दिसणार होतं. अण्णा मीटरकडे बघत होते.

“थांबावंसं वाटतं,” अखेर ते म्हणाले. “पुढे कितीही घाई असली तरी.”

मच्छिंद्रने मान हलवली. “मग त्या दिवशी, दीपाताई एकली हाय म्हन्ल्यावर, मला त्यो दिसला हुता.”

अण्णांनी किल्ली तशीच धरली होती. दिवे लागलेले होते. मी पर्समध्ये रुमाल शोधत होते.

एक तारखेला तो फाटकावर गेला नाही. पाटी मी नवी रंगवून दिली. मजकूर अण्णांनी सांगितला आणि एक शब्दही बदलू दिला नाही: ‘येथे मालकास लाल-पिवळे दिसत नाही. ज्यास दिसते, त्याने गाडीत बसून सांगावे.’ अक्षरं मी निळ्या रंगात काढली. निळा त्याला दिसतो.