सहावं नाव

एक्केचाळीस वर्षं रंगभूमीवर काढल्यावर माझ्याकडे दोनच गोष्टी उरल्या, दुखरे गुडघे आणि आवाज. गुडघे कुणाला नको होते. आवाज मी वॉरेल्स मिल या आमच्या गावाच्या बास्केटबॉल संघाला देऊन टाकला. मैदानाच्या कडेला टेबलाशी बसायचं आणि खेळाडूंची नावं माइकवरून अशी पुकारायची, की वरच्या शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही वाटावं, आपलाच नातू आत येतोय. गाव चौदा हजारांचं आणि हायस्कूलच्या हॉलमध्ये बसायला सात हजार जागा, हे इंडियानात कुणाला विचित्र वाटत नाही. आमचा व्यावसायिक संघ लहानशा लीगमधला. तोही तिथेच खेळतो.

नऊ वर्षं माझ्या टेबलापासून दहा पावलांवर, बास्केटच्या खाली, मैदानाच्या टोकाच्या रेषेबाहेर एका बुटक्या स्टुलावर वर्लिन ग्रेबर बसायचा. मांडीवर टॉवेल. खेळाडू पडला आणि खेळ दुसऱ्या टोकाला गेला की हा वाकून धावत आत जायचा, जमिनीवरचा घाम पुसायचा आणि खेळ परत यायच्या आत स्टुलावर. नाटकात पडदा ओढणाऱ्या चांगल्या माणसाची चाल अशी असते. तो येतो, जातो, आणि कुणाला दिसत नाही. वर्लिननं पुसलेल्या जागी नऊ वर्षांत एकाचाही पाय घसरला नाही.

त्याआधी बावीस वर्षं तो आमच्या काचकारखान्यात बाटल्या तपासायचा. उजेडाच्या पडद्यासमोर बसायचं. बाटल्या समोरून सरकत जायच्या. तडा, बुडबुडा, वाकडी मान दिसली की बाटली उचलून बाजूला. त्याची बायको आयरीन म्हणायची, "लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये हा माझ्याकडे असंच डोळे बारीक करून बघत होता. म्हटलं, आता उचलतो की काय बाजूला!"

कारखाना बंद झाला. त्या डोळ्यांना काहीतरी बघायला हवं होतं. तो टॉवेल घेऊन हॉलच्या दारात आला, तो कायमचाच. टॉवेलही घरचे, धुऊन धुऊन विरलेले. "नवा टॉवेल पाणी ढकलतो," तो सांगायचा. "जुना पितो."

गेल्या मोसमात संघ चोवीसपैकी सात सामने जिंकला. हरलेल्या सतरांपैकी नऊ सामने चार-दोन गुणांनी गेले. एप्रिलमध्ये मालकांनी ब्रेना टॉलिव्हर नावाची नवी जनरल मॅनेजर आणली. वय एकतीस, केस घट्ट बांधलेले, लॅपटॉप सदैव उघडा. गावात लोक म्हणाले, ही पोरगी टिकायची नाही. मला मात्र ती पहिल्या दिवशीच आवडली. तिनं मला विचारलं होतं, "मिस ऑपल, माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो का?" हा प्रश्न स्वतःहून विचारणारी माणसं थोडी असतात.

आमच्या लीगचा एक नियम आहे. पंधरा जूनच्या दुपारी बारापर्यंत प्रत्येक संघानं सहा खेळाडूंची नावं द्यायची. ते सहा आपले. बाकीचे मोकळे, ज्याला हवे त्यानं न्यावेत. ब्रेनाची पाच नावं ठरली होती. सहावं डॅशियल प्रुइटचं ठरल्यातच जमा होतं. प्रुइट सामन्याला एकोणीस गुण करायचा आणि गावातली पोरं त्याच्यासारखे केस कापायची.

जूनच्या पहिल्या मंगळवारी मी ब्रेनाच्या खोलीत बसले होते. शनिवारी खुली चाचणी होती, कुणीही यावं आणि खेळून दाखवावं, त्याची घोषणा आम्ही तयार करत होतो. तेवढ्यात वर्लिन दारात आला. टोपी हातात.

"मॅडम, तुमचं सहावं नाव चुकतंय."

"बसा, मिस्टर ग्रेबर. कुणाचं हवं?"

"बोटराइट."

तिनं बोटं चालवली. "इझिकिएल बोटराइट. सामन्याला चार गुण?"

"तीन पूर्णांक आठ," वर्लिन म्हणाला. "चार म्हणजे तुम्ही त्याचे लाड करताय."

मला हसू आवरलं नाही. ब्रेना हसली नाही, पण तिनं लॅपटॉप थोडा मिटला.

"हे बघा," ती म्हणाली, "बोटराइट मलाही आवडतो. पण राखीव जागा कशासाठी असते? दुसऱ्या संघानं पळवू नये म्हणून. प्रुइटला सोडलं तर तासाभरात चार फोन जातील. बोटराइटला कोण पळवणार? त्याला मी ऑक्टोबरात बोलावीन की."

"ऑक्टोबरात तो घराच्या गाडीच्या छपराला स्क्रू मारत असेल."

"म्हणजे?"

"उत्तरेकडे गाड्यांचा कारखाना आहे, सहलीला नेतात त्या घरासारख्या गाड्यांचा. त्याचा भाऊ तिथे मुकादम आहे. त्यानं नोकरी धरून ठेवलीय, पंधरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत. झीकच्या, म्हणजे बोटराइटच्या, बायकोला सप्टेंबरात बाळ होणार. यादीत नाव आलं तर तो राहील, नाही आलं तर जाईल. दुसरा संघ त्याला नेणार नाही, हे खरंय तुमचं. पण कारखाना नेईल."

ब्रेनानं लॅपटॉप पूर्ण मिटला. हे तिच्या लॅपटॉपमध्ये नव्हतं.

"तो करतो काय, मिस्टर ग्रेबर? नेमकं सांगा."

"पडतो."

"पडतो?"

"सुटलेल्या चेंडूवर. मी नऊ वर्षं पुसतोय. कुणाच्या मागे किती वेळा धावलो, ते माझ्या गुडघ्यांना ठाऊक आहे. बाकी सगळे मिळून जेवढे पडतात, तेवढा तो एकटा पडतो. आणि उठतो तेव्हा चेंडू आपल्याकडे असतो."

"हे कागदावर कुठे आहे?"

"कागदावर नाही. टॉवेलवर आहे."

"टॉवेल मी कॉम्प्युटरमध्ये कसा घालू?"

"नका घालू. शनिवारी माझ्या स्टुलावर बसा. एक सामना पुसा. मग प्रुइटचं नाव लिहायचं तर खुशाल लिहा, मी चकार शब्द काढणार नाही."

ब्रेनानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "किती वाजता येऊ?" तिनं विचारलं.

इथवर सगळं छान चाललं होतं. पण वर्लिन माणूस होता, आणि खुशीत होता. गुरुवारी तो नोरीनच्या हॉटेलात पोर्क टेंडरलॉइनचं सँडविच खायला गेला. ब्रेडच्या दुप्पट मांस बाहेर लोंबणारं ते सँडविच संपेपर्यंत माणूस किती बोलू शकतो! मॅनेजर स्वतः स्टुलावर बसणार, कोण पडतो ते बघणार, हे त्यानं नोरीनला सांगितलं. नोरीनला सांगितलं म्हणजे संपलं. शुक्रवारी अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होतं.

शनिवारी अठ्ठावन्न माणसं आली. शिवाय गेल्या वर्षीचे आमचे खेळाडू. ब्रेना स्टुलावर बसली, मांडीवर वर्लिनचा विरलेला टॉवेल. वर्लिन तिच्या मागे उभा. मी माइक हातात घेतला, शिट्टी वाजली, आणि माणसं पडायला लागली.

मी माझ्या आयुष्यात रंगमंचावर पुष्कळ मरणं पाहिली आहेत. पण एका दुपारी इतकी माणसं इतक्या हौसेनं पडलेली पाहिली नव्हती. चेंडू सुटला की चौघं पडायचे. चेंडू सुटला नाही तरी एखादा पडायचा. एक दाढीवाला तर चेंडू दुसऱ्या टोकाला असताना ब्रेनाच्या पायापाशी लांब झाला आणि पडल्या पडल्याच म्हणाला, "मॅडम, इथे ओलं झालंय हं."

"दिसतंय मला," ब्रेना म्हणाली. "उठलात तर पुसता येईल."

प्रुइट एकदाही पडला नाही. त्यानं ऐटीत गुण केले. त्याचं चुकलं काहीच नाही. आणि बोटराइट? तोही ब्रेनासमोर पडला नाही. एकदासुद्धा नाही.

मध्यंतरात ब्रेना उभी राहिली. पॅंटचे गुडघे काळे, केस सुटलेले.

"मिस्टर ग्रेबर, तुमचा बोटराइट आज कोरडा आहे."

वर्लिनचा चेहरा राखेसारखा झाला होता. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. ही तपासणी नव्हे, ही जत्रा झाली."

"मग थांबू या?"

"नाही. सामना अर्धा झालाय. पुसत राहा."

ती बसली. तिचा तोच गुण मला भावला. वैतागली होती, पण शब्द दिला होता.

चार वाजता हॉल रिकामा झाला. ब्रेनानं टॉवेल स्टुलावर ठेवला आणि पर्स उचलली. वर्लिननं तिच्यापुढे लांब दांड्याचा पोछा धरला.

"अजून?"

"सामना संपला म्हणून काम संपत नाही. अख्खं मैदान, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. रोज. कुणी पडो न पडो."

तिनं क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि पोछा घेतला. तो अलीकडून, ती पलीकडून. मी टेबलाशी कागद आवरत होते. अचानक तिचा पोछा थांबला. पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे बाकं घडी करून भिंतीला लावलेली असतात आणि बघायला कुणी बसत नाही, तिथे ती खाली वाकली होती.

"मिस ऑपल!" आवाज थेट मागच्या रांगेपर्यंत गेला. "इथे कोण पडलं?"

मी उठून गेले. रेषेपासून भिंतीपर्यंत ओला पट्टा गेला होता, नांगरानं ओढावा तसा. बाजूला आणखी दोन. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला पंजाचा ठसा, अजून दमट.

"बोटराइट," मी म्हणाले. "तीनदा. तिन्ही वेळा मी नाव पुकारलं, पण तेव्हा तुझ्यापुढे तो दाढीवाला लोळत होता."

"आणि चेंडू?"

"तिन्ही वेळा रेषेच्या आत परत आला."

तिनं ओल्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मला आमच्या नाटक कंपनीतला एक जुना नट आठवला. तो प्रेक्षकांकडे पाठ करूनही तितकंच चांगलं काम करायचा. बाकीचे आम्ही सगळे दिव्यांच्या उजेडात जाऊन मरायचो.

वर्लिन जवळ आला. त्यानं ओला पट्टा पाहिला. मला वाटलं, आता म्हणेल, बघा. तो म्हणाला, "हे नीट पुसा. इथे कुणी बघत नाही म्हणून राहून जातं."

रविवारी आणि सोमवारी ब्रेनाच्या खोलीचं दार बंद होतं. मंगळवारी सकाळी तिनं आम्हाला दोघांना बोलावलं. टेबलावर कॉफीचे पाच रिकामे कागदी पेले.

"ते नऊ सामने मी पुन्हा पाहिले," ती म्हणाली. "जे थोडक्यात हरलो ते. या वेळी चेंडूकडे नाही, कोपऱ्यांकडे बघितलं. नऊपैकी सात सामन्यांत शेवटची पाच मिनिटं बोटराइट कुठे होता, माहितीय?"

"बेंचवर," वर्लिन म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला तेव्हा पुसायला काम नसायचं."

ब्रेनानं डोळे मिटले. "हे गेल्या मंगळवारीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत तो काय करतो. कुठे बसतो ते विचारलं नाहीत."

"मिस्टर ग्रेबर, तुम्ही फार त्रासदायक माणूस आहात."

"आयरीन हेच म्हणते."

मग ती आम्हाला नाही, स्वतःलाच सांगत असल्यासारखी बोलली. या उन्हाळ्यात गुण करणारे निदान चार जण मोकळे होणार होते; त्यांतला एक ती फोन करून आणू शकत होती. उंच, बास्केटवरून उसळलेला चेंडू झडपणारा एकजण शनिवारच्या चाचणीतच तिनं हेरला होता. पण भिंतीवर जाऊन आदळणारा कुठल्याच यादीत मिळत नाही. "प्रुइट गेला तर गाव मला खाऊन टाकेल," ती म्हणाली.

"आधी मला खातील," वर्लिन म्हणाला. "मी नोरीनकडे रोज जातो."

पंधरा जूनला दुपारी बारा वाजता यादी रेडिओवर वाचायचा मान माझा. आमचं स्टेशन नोरीनच्या हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर आहे. ब्रेनानं कागद बाराला दहा मिनिटं असताना दिला. मी पाच नावं वाचली. सहाव्याआधी थांबले; तेवढी सवय गेलेली नाही. मग श्वास भरून म्हणाले, "इझिकिएल बोटराइट!"

पायाखालून हुर्यो आली. जमिनीच्या फळ्या थरथरल्या. माझ्या सगळ्या नाटकांत मिळून मला अशी हुर्यो मिळाली नव्हती.

मी जिना उतरून खाली गेले. वर्लिन नेहमीच्या टेबलाशी एकटा बसला होता. शेजारच्या टेबलावरून त्याला कुणी केचप देत नव्हतं. समोरच्या खुर्चीत बोटराइट येऊन बसला, सहा फूट आठ इंच माणूस, गुडघे टेबलाखाली मावेनात.

"भावाला फोन केला, बॉस," तो म्हणाला. "म्हटलं, छपराला दुसरा कुणी शोध."

"काय म्हणाला?"

"मूर्ख म्हणाला."

"बरोबर आहे त्याचं. खांदा कसा आहे?"

"कुठला?"

"भिंतीवरचा."

झीकनं खांदा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. वर्लिननं नोरीनला हाक मारली. "नोरीन, तुझ्याकडे जुने टॉवेल आहेत का ग? नोव्हेंबरसाठी जमवायला लागतील. या वर्षी शेवटच्या पाच मिनिटांतही काम असणार."

"प्रुइटला घालवलंस आणि वर माझ्याकडे टॉवेल मागतोस?" नोरीननं काउंटरवरून एक विटका टॉवेल त्याच्या तोंडावर फेकला. "घे! आणि तो उंटही हरला ना, तर सँडविच विसर."

वर्लिननं टॉवेल चेहऱ्यावरून काढला. दोन्ही हातांनी ताणून खिडकीच्या उजेडासमोर धरला, डोळे बारीक केले, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली. मग त्याची नीट घडी घातली आणि आपल्या बाजूला ठेवली.