नूडल्सला लावलेली पिठी

डॉक्टरांनी विचारलं, "काका, इथं लागतंय?"

मी छताकडे बघत म्हणालो, "टोचा की आधी."

ते म्हणाले, "टोचून झालं."

मान उचलून पाहिलं तर उजव्या पायाच्या करंगळीजवळ रक्ताचा थेंब आला होता. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मला मधुमेह आहे हे कर्जतच्या त्या दवाखान्यात मला असं समजलं, आणि तो काही आजकालचा नव्हता. पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. ह्याला न्यूरोपॅथी म्हणतात. म्हणजे पाय आपलाच, पण त्याचं दुखणं आपल्यापर्यंत पोचत नाही.

मी खोपोलीला कारखान्यात फिटर आहे. बुटात खडा गेला होता, तो तसाच घेऊन मी अख्खी पाळी उभा राहिलो होतो. एकदा नाही, तीन-चार दिवस. करंगळीला जखम होऊन ती चिघळली तरी मला पत्ता नव्हता. शेवटी घरी वनितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मोजा नाकापासून लांब धरून विचारलं, "अवो, काय मेलंय ह्याच्यात?" तीच मला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली.

एचबीएवनसी नावाची तपासणी झाली. मागच्या तीन महिन्यांत साखर साधारण किती राहिली ते तिच्यात दिसतं, त्यामुळे आदल्या दिवशी उपाशी राहून फसवता येत नाही. आकडा बघून डॉक्टर सरळ बोलले. "साखर खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर बोट काढावं लागेल. आणि बोटावरच थांबेल याची खात्री मी देत नाही. भात बंद, तांदळाची भाकरी बंद."

भिवपुरीजवळ आमचं गाव. घरचं भाताचं शेत. दुपारी भात, रात्री तांदळाची भाकरी, सकाळी पेज. मी खाण्यासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. हळदीला पंगतीत बसलो की वाढणारी पोरं ओरडायची, "टोप हिकडंच ठेवा रं!" मला त्यात मोठेपणा वाटायचा. आता त्या माणसाला भात बंद. हे गावात कसं सांगायचं? मी सांगितलंच नाही. पाय मुरगळलाय म्हणून रजा टाकली.

वनिता मात्र कामाला लागली. तिनं पहिल्या दिवशीच भाताचं पातेलं फळीवर ठेवून दिलं. मी म्हटलं, "तू तरी खा गं." ती म्हणाली, "तुमच्या म्होरं बसून खाऊ? घास उतरंल का माझ्या?" आमची मुलगी पूजा पनवेलला असते. तिनं आईला फोनवर एक व्हिडिओ पाठवला, घरच्या घरी लो कार्ब नूडल्स. लो कार्ब म्हणजे पिष्ट कमी, जे खाऊन साखर भसकन वर जात नाही असं. सोयाबीनचं पीठ, अंडी, थोडा इसबगोल. हे मळायचं आणि शेव पाडायच्या सोऱ्यातून थेट उकळत्या पाण्यात सोडायचं.

पहिल्या दिवशी पाण्यात लगदा झाला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तिनं ताटात काहीतरी वाढलं, पिवळट, तुटकं, लिबलिबीत. शेजारचा बाळू मला बघायला आला होता. मी ताट पुढे सरकवून त्याला म्हणालो, "बघ रं, बायकोनं गांडुळं वाढलीत!" बाळू खो खो हसला, मीही हसलो. वनिता ताट उचलून आत गेली. सकाळपासून तिसऱ्यांदा पीठ मळून तिची मनगटं दुखत होती, हे मला माहीत होतं. तरी मी बोललो. तोंड आहे म्हणून काय वाट्टेल ते बोलावं का माणसानं?

चार-पाच दिवसांनी नूडल्स जमल्या. लांब, सुटसुटीत, वर सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, आणि कांदा परतून घातलेला. मी दोन ताटं खाल्ली. वनिता समोर बसून तेच खात होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं एका वेळी, एकाच पातेल्यातलं असं समोरासमोर कधी जेवलो नव्हतो. ती नेहमी मागून जेवायची. "आज गांडुळं नाय ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "चुकलं माझं. फस्क्लास झालंय."

मग रोज तेच. आणि रोज दोन ताटं.

एकदा मी पाणी प्यायला लंगडत आत गेलो. वनिताची पाठ माझ्याकडे होती. तिनं पीठ मळलं, हाताला चिकटलं तसा शेजारचा डबा उघडला आणि मूठभर पिठी त्यात टाकली. परत मळलं. परत मूठभर. मग थेट पाण्यात न सोडता परातीत पिठी पसरून त्यावर नूडल्स पाडल्या, वरून पुन्हा पिठी भुरभुरली, हलक्या हातानं घोळवल्या. डबा भाकरीचा होता. पिठी तांदळाची होती.

तिचा हात सवयीनं चालला होता. आमच्याकडे बाई पीठ मळायला बसली की पिठीचा डबा शेजारी असतोच, हात ओला झाला की डब्यात जातो. वनिता त्याला तांदूळ समजतच नव्हती. तिच्या लेखी तांदूळ म्हणजे पातेल्यात शिजतो तो.

मला मात्र कळलं. मी पाहिलं, मला कळलं, मी पाणी प्यालो आणि बाहेर येऊन बसलो.

का बोललो नाही? मी स्वतःला सांगायचो, गांडुळं म्हणून एकदा दुखावलंय तिला, आता कुठं चेहरा खुललाय, परत कशाला. हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की त्या नूडल्सना तांदळाची चव होती आणि मला ती हवी होती. कुणी विचारलं तर मी शपथेवर सांगू शकत होतो की मी भात खाल्ला नाही. इतका मी नीच हिशेब केला, आणि दोन्ही वेळा दोन ताटं ओढत राहिलो.

साखर उतरेना. घरच्या मशीनवर बोट टोचून पाहायचो, जेवणानंतरचा आकडा चढलेलाच. करंगळी काळी पडत चालली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, खरं सांगा. चोरून भात खाता?"

मी तोंड उघडायच्या आत वनिता म्हणाली, "नाय साहेब. एक शीत नाय गेलं यांच्या तोंडात. माझ्या डोळ्यांम्होरं हाय माणूस. शब्द देते मी."

मी भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे बघत बसलो.

त्याच दिवशी भरती केलं, इन्सुलिन सुरू झालं. संध्याकाळी आहार सांगणाऱ्या मॅडम आल्या. चांगल्या होत्या, वनितालाच शेजारी बसवून म्हणाल्या, "ताई, काय करता ते पहिल्यापासून सांगा." वनिता हौसेनं सांगत गेली. "आन मग चिकटू नये म्हणून पिठी लावते."

"कसली पिठी?"

"तांदळाची. दुसरी कसली असती?"

मॅडमनी वहीतून मान वर केली. वनितानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मॅडम समजूत घालत होत्या, ताई, बऱ्याच जणींचं असं होतं. वनिता नुसती मान हलवत होती. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी पांघरूण ओढून घेतलं.

डेब्रीडमेंट केली, म्हणजे सडलेलं मांस खरवडून काढलं. पण बोट वाचलं नाही. करंगळी काढली. नसा आधीच खराब होत्या, पथ्य नीट झालं असतं तरी वाचलं असतं का ते छातीठोक सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. वनितानं ते ऐकलंच नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "माझ्या हातानं गेलं वो बोट. मीच घातलं खायाला." दहिवलीची तिची मैत्रीण आली, तिला सांगितलं. बाळू आला, त्यालाही सांगितलं. मी खाटेवर पडून ते ऐकायचो. मला कुणी दोष देत नव्हतं. सगळे माझ्याकडे दयेनं बघायचे, आणि मी ती दया घेत होतो.

मग खोपोलीहून माझी थोरली बहीण आक्का आली. खाटेशी उभी राहून तिनं वनिताला झाडायलाच घेतलं. "इतकी वर्सं रांधतीस, तुला येवढं कळू नये गं? घात केलास माझ्या भावाचा."

वनिता म्हणाली, "हो आक्का, चुकलं माझं."

तिनं मान खाली घातली होती आणि पदरानं हात पुसत होती, हाताला काही लागलेलं नसताना. माझ्यानं बघवेना. मी म्हणालो, "आक्का, गप. तिला म्हाईत नव्हतं. मला व्हतं. पिठी लावताना मी बघितलं व्हतं. गोड लागत व्हतं म्हणून गप बसलो."

वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा माणूससुद्धा कूस बदलून बघायला लागला. वनितानं माझ्याकडे पाहिलं. मग जेवणाचा डबा उचलला आणि धुवायला निघून गेली.

घरी आल्यावर तिनं फळीवरचं पातेलं काढलं आणि भात शिजवला. आपल्यापुरता. सोऱ्या आणि सोयाबीनच्या पिठाची पुडी माझ्यापुढे ठेवली. "तुमचं तुमी," म्हणाली. आणि माझ्याकडे पाठ करून जेवली.

तेव्हापासून मी करतो. ज्यांच्या घरी हे दुखणं आलंय त्यांच्यासाठी लिहितो. पीठ चाळून घ्या. दोन वाट्या सोयाबीनच्या पिठाला तीन अंडी, चमचाभर इसबगोल, मीठ. मळून झाकून ठेवा, इसबगोल फुगला की तेच धरून ठेवतं. हाताला तेल लावा. पाणी खळखळ नको, मंद उकळतं हवं, त्यात सोऱ्यातून नूडल्स पाडा. वर आल्या की काढून गार पाण्यात टाका. पिठीचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि खाणाऱ्याला काही दिसलं तर त्यानं तिथल्या तिथं बोलावं, मग कुणाला वाईट वाटलं तरी चालेल.

हे एका दिवसात जमलं नाही. लगदा झाला, तुकडे झाले, मी एकटा बसून ते गिळले. वनिता औषधाची वेळ झाली की "गोळी" म्हणायची, ड्रेसिंगच्या वेळी "पाय" म्हणायची. बाकी नाही. पट्टी मात्र रोज तीच बदलत होती, न चुकता. साखर उतरत गेली. जखम भरत आली. माझ्या पायाशी बसलेल्या त्या बाईचे आभार कोणत्या तोंडानं मानायचे, ते मला अजून कळलेलं नाही.

परवा मी नूडल्स केल्या, सोडे घातले, ताट घेऊन बसलो. काही सुटसुटीत झाल्या होत्या, बऱ्याच तुटल्या होत्या. वनिता आपलं ताट घेऊन आली. थांबली. मग खाली बसली, माझ्याकडे तोंड करून. हात लांब करून माझ्या ताटातल्या चार नूडल्स उचलल्या, तोंडात टाकल्या, चावत राहिली.

"गांडुळं बरी झालीत," ती म्हणाली. "मीठ घाला जरा."